नॉक रूममधल्या मोठ्या स्क्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ या भागांत फायबरचे जाळे चालवणाऱ्यांना कंट्रोल रूमच्या भिंतीवर स्क्रीन लावताना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशेबासाठी एक नेहमीची खोली धरली आहे: भिंतीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत ५ मीटर, एका पाळीत दोन-तीन ऑपरेटर, ५५ इंची चार पॅनेल. आणि ‘एनओसी’ (नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे जाळ्याची कंट्रोल रूम) म्हटले की आपल्याकडे आधी ना हरकत दाखलाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून पानभर ‘नॉक’ हाच शब्द वापरला आहे.

मुळात भिंतीवर स्क्रीन लागतात का?

पाळीत एकच माणूस बसत असेल तर नाही. त्याच्या टेबलावर दुसरा मॉनिटर द्या, काम भागेल. दोन किंवा जास्त माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट बघून ठरवायचे असते, तिथे भिंत कामाला येते. एक जण फोनवर ग्राहकाला उत्तर देतोय, दुसरा स्प्लायसिंगच्या (तुटलेली फायबर जोडणाऱ्या) गाडीला कुठे पाठवायचे ते ठरवतोय, आणि दोघांना ‘होटगी रोडचा पोर्ट कधीपासून बंद आहे’ हे न विचारता कळले पाहिजे. ज्या माहितीवर दोघांचे काम अडत नाही, ती टेबलावरच राहू द्या. पाहुण्यांना दाखवायला म्हणून लावलेली भिंत महिन्याभरात कोणी बघेनासे होते.

मग भिंतीवर नेमके काय लावायचे?

चार पॅनेल असतील तर ही वाटणी चालते.

पहिल्यावर, म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोर येणाऱ्या पॅनेलवर, चालू बिघाडांची यादी. प्रत्येक ओळीत ठिकाण, बंद असलेले ग्राहक किती, किती मिनिटे झाली आणि कोण बघतोय. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, आणि त्यामुळेच एकाच बिघाडावर दोन गाड्या निघतात, नाहीतर एकही निघत नाही. यादी ग्राहकसंख्येनुसार लावा. वेळेनुसार लावली तर तीन दिवसांपासून बंद असलेला एखादा गोदामातला ओएनटी (ग्राहकाकडचा फायबर मोडेम) सगळ्यात वर ठाण मांडून बसतो.

दुसऱ्यावर मुख्य दुवे: अपस्ट्रीमचे (बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारे) दोन किंवा तीन, शहराची रिंग, तालुक्यांकडे जाणाऱ्या लाइन. दुव्याची क्षमता आणि आत्ताचा वापर एकाच पट्टीवर दिसावा. १० गिगाबिटच्या दुव्यावर रात्री साडेनऊला ८ गिगाबिट चालत असेल, तर दुसरा दुवा पडल्यावर त्याचा भार हा पेलणार नाही, हे पट्टीकडे पाहताच लक्षात येते.

तिसऱ्यावर पॉपची, म्हणजे भागाभागातल्या उपकरणांच्या ठाण्यांची, वीज. हे पॅनेल आमच्या मते दुसऱ्याइतकेच महत्त्वाचे आहे, पण लावतात सगळ्यात शेवटी. ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकेवर चार्जर चालू असताना साधारण ५४ व्होल्ट दिसतात. लाइट गेली की आकडा पटकन खाली येतो, मग बराच वेळ जवळपास तिथेच रेंगाळतो आणि शेवटी धाडकन पडतो. ४३ व्होल्टच्या आसपास बॅटरी वाचवण्यासाठी जोडणी आपोआप तुटते. म्हणून नुसते व्होल्टेज दाखवून भागत नाही. ‘लाइट जाऊन किती वेळ झाला’ आणि ‘मागच्या चाचणीत ही बॅटरी किती वेळ टिकली’ हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा. जनरेटर आधी कुठल्या पॉपवर न्यायचा, ते तेवढ्यावर ठरते.

चौथे पॅनेल मोकळे ठेवा. बिघाड चालू असताना त्यावर नकाशा, ओएलटीचा (पॉपमधले, अनेक ओएनटी जोडलेले मुख्य उपकरण) तपशील, पावसाचे रडार, जे लागेल ते घ्या. चारही पॅनेल कायमची भरून टाकली की गरजेच्या वेळी जागा उरत नाही.

लाइट गेली की केबल तुटली, हे भिंतीवरून कळू शकते का?

कळते, आणि भिंतीचा खर्च वसूल करणारी एकच गोष्ट सांगायची तर ती हीच.

वीज जाताना ओएनटीमधला कपॅसिटर काही मिलिसेकंद तग धरतो आणि तेवढ्यात ओएनटी ओएलटीला ‘माझी वीज चालली’ असा निरोप पाठवतो. याला डाइंग गॅस्प म्हणतात. फायबर तुटली तर निरोप पाठवायला वाटच उरत नाही. ओएलटीला फक्त प्रकाश गेल्याचे कळते. म्हणजे एका पोर्टवरचे ५० पैकी ३५ ओएनटी डाइंग गॅस्प देऊन बंद झाले आणि उरलेले १५ चालू असतील, तर त्या भागातली लाइट गेली आहे आणि चालू आहेत ते इन्व्हर्टरवाले. पन्नासच्या पन्नास एकाच सेकंदाला निरोप न देता गेले, तर मुख्य फायबर तुटली. त्यातले आठच तसे गेले, तर पुढच्या स्प्लिटरच्या (एका फायबरच्या अनेक शाखा करणाऱ्या जोडाच्या) पलीकडे बघा. अख्खा ओएलटीच एसएनएमपीला, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या विचारणेला, उत्तर देत नसेल तर ती तिसरी स्थिती: पॉपची वीज किंवा पॉपकडे जाणारी लाइन.

या तीन स्थितींना यादीत तीन वेगळी नावे द्या: ‘लाइट’, ‘फायबर’, ‘पॉप’. सगळ्यांना एकच लाल ‘डाउन’ लावले की वळवाच्या पहिल्या सरीला संपूर्ण भिंत लाल होते, आणि त्या गर्दीत जेसीबीने तोडलेली एक केबल हरवून जाते. काही स्वस्त ओएनटी डाइंग गॅस्प पाठवतच नाहीत, त्यामुळे एका ओएनटीवरून निष्कर्ष काढू नका. पोर्टवरचे प्रमाण बघा.

प्रकाशाची पातळी भिंतीवर ठेवावी का?

प्रत्येक ओएनटीची नको. क्लास बी प्लस ऑप्टिक्समध्ये (प्रकाश पाठवणाऱ्या भागांची एक प्रमाणित श्रेणी) ओएनटीला मिळणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की त्याची जोडणी तुटायला लागते, हे खरे. पण हजारो आकड्यांचा तक्ता लांबून कोणी वाचत नाही. ज्या पोर्टची सरासरी मागच्या आठवड्यापेक्षा ३ डीबीने घसरली, तेवढेच दाखवा. ३ डीबी म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला. जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरले आहे किंवा केबल कुठेतरी दुमडली आहे, हे ग्राहकाचा फोन येण्याआधी समजते.

अक्षरे किती मोठी हवीत?

वाचणाऱ्याचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि १७० ने भागा. ५ मीटर म्हणजे ५००० मिलिमीटर; भागाकार आला २९. म्हणजे इंग्रजी मोठे अक्षर स्क्रीनवर प्रत्यक्षात सुमारे २९ मिलिमीटर उंच हवे. ५५ इंची फुल एचडी पॅनेलची रुंदी साधारण १२१८ मिलिमीटर आणि त्यात १९२० पिक्सेल, म्हणून एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा. २९ मिलिमीटर म्हणजे ४६ पिक्सेल. फॉन्टचा आकार अक्षराच्या उंचीपेक्षा मोठा धरावा लागतो, तो सुमारे ६५ पिक्सेल. दोन ओळींमधले अंतर ९० पिक्सेल धरले तर १०८० पिक्सेलमध्ये बाराच ओळी बसतात. शीर्षक आणि घड्याळ काढले की दहा.

दहा ओळी म्हटल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘एवढ्याच?’ अशी असते. हो, एवढ्याच. न मावलेले बिघाड ‘आणखी ७’ अशा शेवटच्या ओळीत जाऊ द्या.

फोर-के पॅनेल घेतले तर अक्षरे जास्त रेखीव दिसतात, माहिती जास्त मावत नाही. पाच मीटरवर बसलेल्याचे डोळे तेच असतात. फोर-केवर ब्राउझरचा झूम २०० टक्के ठेवा.

भिंतीवर मराठी ठेवावे की इंग्रजी?

ठिकाणांची नावे मराठीत, आकडे इंग्रजीत, असा आमचा सल्ला. सोलापुरात पाळीवर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले असतात. ‘सात रस्ता’ किंवा ‘जुळे सोलापूर’ देवनागरीत सगळ्यांना झटकन वाचता येते, आणि इंग्रजीत एकाच नावाची तीन स्पेलिंगे होतात ती भानगडही टळते. आकड्यांचे मात्र उलटे आहे. लांबून ‘५’ आणि ‘६’, ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत होते. पोर्ट क्रमांकात अशी चूक झाली की गाडी भलत्याच गल्लीत जाते.

देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा १५ ते २० टक्के जास्त ठेवा, नाहीतर ‘कुर्डुवाडी’चे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत शिरतात. प्लेअरवर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट आधी टाका. नसेल तर नावांच्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षरे सुटी पडतात. बारीक वजनाचा फॉन्ट नको, मध्यम जाडीचा घ्या.

घरगुती टीव्ही चालेल का?

चालतो, पण काय विकत घेतोय ते समजून घ्या. घरगुती टीव्ही दिवसाचे काही तास चालवण्यासाठी बनवलेला असतो आणि अनेक कंपन्यांची वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू नसते. व्यावसायिक पॅनेल घेताना ‘१६/७’ की ‘२४/७’ हे तपासा. नॉक चोवीस तास चालते, तिथे १६ तासांचे पॅनेल घेणे म्हणजे थोड्या पैशांसाठी उद्याचा खर्च बोकांडी घेणे.

टीव्हीच लावायचा असेल तर हे कराच. ओव्हरस्कॅन बंद करा, नाहीतर चारही कडांची माहिती कापली जाते. चार तासांनी आपोआप बंद होण्याची सोय, इको मोड आणि सिग्नल नसताना बंद होणे, हे तिन्ही बंद करा. लाइट गेली-आली की बरेच टीव्ही स्टँडबायमध्ये पडून राहतात आणि रात्री अडीचला कोणीतरी रिमोट शोधत फिरतो. विकत घेण्याआधी दुकानातच प्लग काढून, परत लावून बघा. ओएलईडी अजिबात नको. एकच तक्ता महिनोन्महिने दाखवला की त्याच्या रेघा कायमच्या उमटतात. एलसीडीवरही सावली राहते, पण ती सहसा जाते.

पॅनेल किती उंचीवर आणि कशावर टांगायचे?

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. दोन ओळींची भिंत असेल तर खालच्या ओळीची खालची कड १ ते १.१ मीटरवर ठेवा. छताला चिकटवलेले पॅनेल पाळीभर मान वर करून कोणी बघत नाही. पुढच्या टेबलावरचे मॉनिटर भिंतीची खालची कड झाकत नाहीत ना, हे प्रत्येक खुर्चीवर प्रत्यक्ष बसून बघा.

५५ इंची पॅनेल साधारण २० ते ३० किलोचे. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर चांगले धरतात. जिप्समच्या पार्टिशनवर टांगायचेच असेल तर जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी चौकट उभी करा. स्टँड पुढे ओढता येणारा घ्या. साधा स्टँड स्वस्त पडतो, पण मधल्या पॅनेलची एक केबल बदलायला शेजारची दोन उतरवावी लागतात. मागे ७५ ते १०० मिलिमीटर मोकळी जागा हवी.

कॉम्प्युटर कोणता लावायचा?

प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा प्लेअर. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा कॉम्प्युटर ग्राफाना, झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे पान किऑस्क मोडमध्ये (स्क्रीनभर एकच पान) दाखवायला पुरतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा मूळ अडॅप्टर द्या. मोबाइलचा चार्जर लावला की व्होल्टेज कमी पडते आणि तो अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. मेमरी कार्ड सततच्या लिहिण्याने आणि अचानक लाइट जाण्याने खराब होते, त्यामुळे फाइल सिस्टिम फक्त-वाचन ठेवा किंवा एसएसडी वापरा. तयार केलेल्या कार्डाची एक प्रत पाकिटात घालून, नाव लिहून, रॅकमध्ये ठेवा.

ब्राउझर दिवसेंदिवस चालू राहिला की मेमरी खात जातो. रोज पहाटे चारला आपोआप रीस्टार्ट होईल असे लावा, चारही एकदम नाही. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने.

एकच मोठे चित्र चारही पॅनेलवर पसरवावे का?

दिसायला भारी, कामाला नाही. बरोबर मधोमध पॅनेलच्या कडांची पट्टी येते आणि ग्राफचा नेमका तोच भाग तिच्यामागे लपतो. शिवाय एका कंट्रोलरवर चारही अवलंबून राहतात. पॅनेल ते पॅनेल अशी साखळीने जोडलेली केबल असेल तर आणखी कठीण: मधले एक बंद पडले की पुढची सगळी काळी.

एचडीएमआय केबल किती लांब चालते?

साधी तांब्याची केबल फोर-केसाठी ५ मीटरपर्यंत भरवशाची धरा. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय किंवा कॅट ६ नेटवर्क केबलवरून चित्र नेणारे एचडीबेसटी घ्या. ऑप्टिकल केबलला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. पाइपमधून ओढण्याआधी ते वाचा. उलटी ओढलेली केबल परत बाहेर काढण्यात अर्धा दिवस जातो, आणि हे अगदी नेहमी घडते. रास्पबेरी पायच पॅनेलच्या मागे चिकटवला तर हा प्रश्नच उरत नाही, फक्त लॅन आणि वीज न्यावी लागते.

स्क्रीन चालू दिसते, पण आकडे जुनेच आहेत. हे ओळखायचे कसे?

काळ्या स्क्रीनपेक्षा हे वाईट, कारण सगळे हिरवे दिसत राहते. प्रत्येक पॅनेलवर सेकंद दाखवणारे घड्याळ ठेवा. ते थांबले तर ब्राउझर गोठला. पण घड्याळ चालू असून मागची माहिती थांबलेली असू शकते, म्हणून ‘शेवटचे वाचन’ हा आकडा वेगळा दाखवा. पोलिंगच्या, म्हणजे दोन वाचनांमधल्या अंतराच्या, दुप्पट वेळ उलटला की संपूर्ण पॅनेलची पार्श्वभूमी राखाडी झाली पाहिजे. ‘माहिती नाही’ हे कधीही हिरव्यात दाखवू नका. काही डॅशबोर्डमध्ये रिकामी किंमत शून्य धरली जाते आणि शून्य बिघाड म्हणून झळकते. एखाद्या ओएलटीची जोडणी मुद्दाम काढून हे तपासून घ्या.

डॅशबोर्ड दर पाच सेकंदांनी रिफ्रेश करावा का?

लिब्रेएनएमएस मुळात दर ५ मिनिटांनी वाचन घेते. त्यावर ५ सेकंदांचा रिफ्रेश म्हणजे तोच आकडा साठ वेळा मागणे, आणि त्याचा भार डेटाबेसवर. ३० किंवा ६० सेकंद ठेवा. बिघाड लवकर कळायला हवा असेल तर ओएलटीचे ट्रॅप, म्हणजे त्याने स्वतःहून पाठवायचे इशारे, चालू करा.

रंग कोणते?

गडद पार्श्वभूमी, पांढरी अक्षरे, आणि रंग फक्त बिघाडाला. सगळे ठीक असताना भिंत जवळजवळ रंगहीन दिसावी. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक कोणत्याही पाळीवर असू शकतात, म्हणून रंगासोबत शब्द किंवा आकार द्याच.

लाइट गेल्यावर आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

२४/७ चे ५५ इंची पॅनेल सरासरी १५० वॉट घेते असे धरा. चारांचे ६००, प्लेअरचे ४०. १ केव्हीए यूपीएस कागदावर पुरतो, प्रत्यक्षात काठावर येतो. २ केव्हीए घ्या. तेवढे बजेट नसेल तर सगळे प्लेअर आणि बिघाडांच्या यादीचे एकच पॅनेल यूपीएसवर ठेवा, बाकीची जनरेटर लागेपर्यंत काळी राहिली तरी चालते. पॅनेल बंद होताच कॉम्प्युटरला समोर स्क्रीन नाही असे वाटते आणि रिझोल्यूशन बदलते. रास्पबेरी पायवर ते कायम पक्के करून ठेवा किंवा मध्ये ईडिड एम्युलेटर (स्क्रीन जोडलेली आहे असे भासवणारे छोटे यंत्र) लावा.

एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२ अंशांच्या पुढे जाते आणि बहुतेक पॅनेलची मर्यादा ४० अंशांची असते. एसी चालू असताना अडचण नाही: भिंतीची ६४० वॉट उष्णता म्हणजे तासाला सुमारे २२०० बीटीयू, एक टनाच्या एसीचा पाचवा भागसुद्धा नाही. अडचण येते ती लाइट गेल्यावर. जनरेटरवर पॅनेल असतात आणि एसी नसतो. वरच्या ओळीमागे एक तापमान सेन्सर लावा. ४० अंशांना ब्राइटनेस निम्मा करा आणि यादी सोडून बाकी पॅनेल बंद करा. तसाही ५०० निटचे (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे एकक) पॅनेल खोलीत पूर्ण उजेडाने चालवायचे कारण नसते. ५०-६० टक्क्यांवर डोळ्यांना बरे पडते, बॅकलाइटही जास्त टिकतो.

ग्राहकाचे नाव, मोबाइल नंबर भिंतीवर दिसला तर?

दाखवू नका. भेटीला आलेला माणूस सेल्फी काढतो आणि मागे यादी येते. भिंतीवर फक्त ग्राहक क्रमांक आणि भाग. प्लेअरना फक्त-बघण्याचे वेगळे खाते द्या, अ‍ॅडमिनचे नको. त्यांचे व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र भाग) वेगळे ठेवा आणि ते बाहेरून उघडे नको. भिंतीवरचे घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) चालवा: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि त्यात सांगितलेल्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. भिंतीवरची वेळ आणि लॉगमधली वेळ वेगवेगळी असली की अहवाल लिहिताना गोंधळ होतो.

आवाजाचा अलार्म हवा का?

फक्त दोन गोष्टींना: मुख्य दुवा पडला, पॉपची बॅटरी संपत आली. बाकी कशालाही आवाज दिला तर दुसऱ्या दिवशी स्पीकरची पिन निघालेली दिसेल.

गड्डा यात्रा, आषाढी अशा दिवसांसाठी वेगळे काही?

खालच्या बाजूला एका ओळीची सूचनापट्टी ठेवा, ती हाताने भरायची. जानेवारीत गड्डा यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजांच्या (उंच काठ्यांच्या) मिरवणुकीच्या मार्गावर वरून केबल गेली असेल तर ती कधी उचलणार, कोण परत बांधणार, हे तिथे लिहा. आषाढीला पंढरपूरच्या लाइनवर कोणतेही बदल करायचे नाहीत, हेही तिथेच. ठरवून केलेले बंद काम बिघाडांच्या यादीत निळ्या रंगात दिसावे, नाहीतर रात्रपाळीचा माणूस ते दुरुस्त करायला गाडी पाठवतो. काम संपल्याची वेळ उलटली की निळ्याचा आपोआप लाल झाला पाहिजे. पट्टी पुसायला विसरतातच.

देखभाल किती वेळाने?

अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या यंत्रमागांच्या भागात खोली असेल तर धुळीबरोबर सुताची रुई येते. ती पॅनेलच्या जाळीवर नमद्यासारखी बसते आणि पंख्याला हवाच मिळत नाही. तिथे महिन्यातून एकदा, इतरत्र तीन महिन्यांतून एकदा, पॅनेल बंद करून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने मागची जाळी साफ करा. समोरची बाजू कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. खिडक्यांच्या काचा पुसायचा स्प्रे पॅनेलवर मारू नका, त्यातल्या अमोनियाने वरचा थर जातो आणि ओघळ खालच्या कडेतून आत उतरतो. त्याच दिवशी एक प्लेअर मुद्दाम बंद करून, पाकिटातले कार्ड घालून चालू होतो का ते बघा, आणि कार्डावर तारीख लिहून परत ठेवा.